जर्मनीचा स्टुडंट व्हिसा: सुरुवात एपीएसपासून

‘आधी प्रवेश तर मिळू दे, मग व्हिसाचं बघू,’ असं म्हणत बसलात तर ऑक्टोबरचं सेमिस्टर हुकू शकतं. जर्मनीच्या बाबतीत कागदपत्रांचं काम अर्ज भरण्याआधीच सुरू करायचं असतं.

पहिलं काम एपीएस प्रमाणपत्राचं. तुमच्या गुणपत्रिका आणि पदवी खऱ्या आहेत, याची तपासणी करून दिल्लीचं एपीएस कार्यालय ते देतं. मोजके अपवाद सोडले तर नोव्हेंबर २०२२पासून ते भारतीयांना व्हिसासाठी सक्तीचं आहे. बरीच विद्यापीठं तर प्रवेशअर्जासोबतच ते मागतात. इथे आपल्याकडची एक खास अडचण येते. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, कधी आईचंही; पासपोर्टवर मांडणी वेगळीच. अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. स्पेलिंगमध्येच फरक असेल, तर तो आधी दुरुस्त करून घ्या. विद्यापीठाच्या खिडकीवर या कामाला वेळ लागतो, हे वेगळं सांगायला नको.

मग पैसे. वर्षभराच्या खर्चाची सोय आहे, हे दाखवायला बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. सध्या त्यात ११,९०४ युरो भरावे लागतात आणि तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. कर्ज घेणार असाल तर ही रक्कम एकरकमी पाठवायची आहे, हे बँकेला मंजुरीच्या वेळीच सांगा. शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्रही चालतं.

प्रवेशपत्र हाती आलं की जर्मन वकिलातीच्या पोर्टलवर अर्ज भरा. व्हिसाची फी ७५ युरो. सोबत आरोग्य विम्याचा पुरावा आणि हाच अभ्यासक्रम का निवडला, हे सांगणारं पत्र लागतं. एजंटकडचं तयार पत्र घेऊ नका. मुलाखत झालीच तर त्यातल्या वाक्यांची उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतील. आणि टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथे बदलून घेऊ, हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. भारतीयांना ती मुभा नाही.

पोहोचल्यावर साधारण दोन आठवड्यांत राहत्या पत्त्याची नोंद करायची. व्हिसाची मुदत संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करायचा. मोठ्या शहरांत तिथली अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. अर्धवेळ काम वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस करता येतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो, पण त्यासाठीही वेगळा अर्ज करावा लागतो.