सरकी उगवली नाही? खारवट रानातल्या या चुका टाळा

आखाजी झाली की तापी-गिरणा पट्ट्यात बागायती कापसाची घाई सुरू होते. आठव्या-दहाव्या दिवशी रान पाहावं तर वरच्या अंगाला रोपं ओळीत उभी आणि पाटाच्या खालच्या अंगाला नुसत्या नांग्या, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा. पहिल्या वर्षी मी दुकानदाराशी भांडून आलो. दुसऱ्या वर्षी बियाणं बदललं. नांग्या त्याच जागी पडल्या, तेव्हा कुठे मातीकडे खाली वाकून पाहिलं.

कापूस खार सोसतो, हे खरं आहे. पण ते वाढलेल्या झाडाबद्दल. मातीत मुरलेला खार पाणी धरून ठेवतो, त्यामुळे ओलीत पडलेल्या सरकीलाही ते ओढता येत नाही. कोंब आलाच तर मुळी खुरटते. खाडीकाठच्या दलदलीतली खार सोसणारी गवतं-झुडपं घ्या. मोठी झाल्यावर ती भरतीचं पाणी पचवतात, पण त्यातल्या बहुतेकांचं बी गोड्या पाण्यातच चांगलं रुजतं. पावसाने वरचा खार धुतला जाईपर्यंत ते मातीत दम धरून बसतं. आपण मात्र ऐन उन्हाळ्यात, खार सगळ्यात वर आलेला असताना, सरकी टोबतो.

आधी निदान. सगळा दोष बियाण्याला देऊ नका, सगळा खारालाही देऊ नका. दोन कुंड्या घ्या. एकीत नांगीच्या जागची वरची माती, दुसरीत चांगल्या रानातली. एकाच पाकिटातली सरकी लावा आणि दोन्हींना तेच गोडं पाणी द्या. दोन्हीकडे उगवली नाही तर बियाणं दोषी, फक्त पहिलीत अडली तर माती. रानातही उकरून पाहा. कोंब कडक पापुद्र्याखाली वाकडा होऊन अडकला असेल, तर ती चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेली घट्ट माती असू शकते. उगवलेलं रोप बुडातून सडून आडवं झालं असेल तर बुरशीचा संशय आधी घ्या.

माती परीक्षणात दोन चुका हमखास होतात. पहिली, नमुना. नेहमीचा नमुना वीतभर खोलीचा असतो. त्यात वरच्या दोन बोटांचा खार खालच्या मातीत मिसळून दिसेनासा होतो, आणि सरकी तर त्या दोन बोटांतच असते. उगवणीची तक्रार असेल तर वरच्या दोन इंचांचा नमुना वेगळा द्या. दुसरी, आकडा. पुस्तकातली ४ डेसीसायमनची (खार मोजायचं माप) मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याची आहे. कापसाचं उत्पन्न ७.७ पर्यंत घटत नाही म्हणतात, तेही त्याच मापात. आपल्याकडे बहुतेक अहवाल माती-पाणी १:२.५ या प्रमाणाचे असतात आणि त्यात आकडा बराच कमी येतो. तिथे १ च्या पुढे गेलं की उगवणीला धोका समजायचा. "दीडच तर आहे" म्हणून निर्धास्त राहणारे मी बरेच पाहिलेत. त्यांतला एक मीच.

आता सगळ्यात महागडी चूक: वरंब्याच्या माथ्यावर टोबणी. दोन्ही सऱ्यांतून पाणी झिरपत मधे येतं, माथ्यावरून वाफ होऊन उडतं आणि खार तिथेच ठेवून जातं. पांढरी रेघ दिसते ती हीच. खारवट रानात सरकी वरंब्याच्या बगलेला, ओल चढते त्या रेषेजवळ टोबावी. एकाआड एक सरी भिजवली तर खार कोरड्या बाजूला सरकतो, मग लावण भिजलेल्या बाजूच्या बगलेला.

ठिबकवाल्यांनी हुरळून जाऊ नये. ड्रिपरभोवती माती गोडी राहते, खार ओलीच्या कडेला जाऊन बसतो. म्हणून सरकी ड्रिपरजवळच हवी. आणि मृगाचा पहिला शिरवा आला की लोक ठिबक बंद करतात. हलका पाऊस कडेचा खार विरघळवून थेट कोवळ्या मुळांवर आणतो. अशा वेळी ठिबक चालू ठेवा, चांगला जोराचा पाऊस होऊन गेला की मग बंद.

जिप्समचं थोडक्यात सांगतो. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त असेल, तर ते कामाचं. नुसत्या खारवट रानात पैसे वाया. तिथे गोडं पाणी आणि पाण्याला बाहेर जायला चर हवा. चर नसताना भरपूर पाणी सोडलं तर खालची पातळी वर येते आणि खारही तिच्यासोबत. विहिरीचं पाणीही तपासून घ्या, मचूळ पाण्याने खार धुण्यात अर्थ नाही.

सरकीशेजारी युरिया किंवा पोटॅश टाकू नका. खतही मिठासारखंच बाधतं.

नांगी भरताना त्याच भोकात पुन्हा सरकी टाकली तर पुन्हा तेच होणार. लावणीच्याच दिवशी थोडी सरकी पिशव्यांत, चांगल्या मातीत लावून ठेवावी. नांगीच्या जागची वरची पांढरी माती खुरप्याने बाजूला सारून, गोडं पाणी देऊन, मग ती रोपं तिथे लावावीत.