सामाईक वाड्याची दुरुस्ती: जुन्या नाशिकमधील हिस्सेदारांसाठी कामाचा क्रम

सराफ बाजार, तिवंधा, भद्रकाली किंवा नदीपलीकडे पंचवटी या भागांत ज्यांचा सामाईक वाडा अजून उभा आहे आणि तो पाडून इमारत बांधण्याऐवजी दुरुस्त करून त्यातच राहावे असे ज्यांच्या मनात आहे, त्या हिस्सेदारांसाठी हे लिहीत आहे. मी वास्तुविशारद नाही. आमच्या दुचौकी वाड्याचे सहा हिस्सेदार आणि दोन भाडेकरू यांच्या कामाची हिशेबाची वही तीन हंगाम माझ्याकडे होती, आणि त्या वहीतली सर्वांत बोचणारी रक्कम नंतर करायचे काम आधी केल्याची आहे. म्हणून येथे साहित्यापेक्षा क्रमाबद्दल जास्त सांगितले आहे.

आधी कागद, मग मोजमाप

पहिले काम नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढण्याचे. त्यावर बहुतेक वेळा आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव अजून तसेच असते. वारसनोंद झालेली नसेल तर ती लावून घ्यावी, आणि ती लावताना मुलींची व बहिणींची नावे राहणार नाहीत हे पाहावे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि "आत्याला काही नको आहे" हे वाक्य दिवाणखान्यात कितीही खरे असले तरी कागदावर नोंदणीकृत हक्कसोडपत्राशिवाय त्याला किंमत नाही. जे मुंबईत किंवा परदेशात आहेत त्यांच्याकडून एका व्यक्तीच्या नावे कुलमुखत्यारपत्र घ्यावे, नाहीतर प्रत्येक अर्जाच्या सहीसाठी महिना जातो.

कागद मार्गी लागले की मोजमाप. पितृपंधरवड्यात नवे काम सुरू करू नये असे घरातील वडीलधारे म्हणतात. मोजमापाला मात्र कोणाची हरकत नसते, आणि पावसाळा सरत आलेला असल्याने ओल कुठे चढली आहे हेही त्याच दिवसांत स्पष्ट दिसते. वाडा खणांत बांधलेला असतो, म्हणजे दोन खांबांमधले अंतर हेच त्याचे माप, त्यामुळे नकाशाही खणांप्रमाणेच काढावा. प्रत्येक खांबाला आणि तुळईला क्रमांक द्यावा, तो खडूने लाकडावरही लिहावा आणि त्याच क्रमांकाने छायाचित्र काढून ठेवावे. आम्ही नकाशावर तीन रंग वापरले. ज्याने जीवाला धोका आहे ते लाल, जिथून पाणी येते ते निळे, आणि जे केवळ सोयीसाठी हवे ते पिवळे. हा नकाशा चौकात सतरंजीवर पसरला तेव्हा कळले की आमचे इतक्या वर्षांचे सगळे वाद पिवळ्या रंगावर होते आणि लाल रंगाबद्दल कोणी एक शब्द काढलेला नव्हता.

तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेणे कायद्यानेच आवश्यक आहे. तो निवडताना त्याने लाकडी बांधकामावर काम केले आहे का, हे आवर्जून विचारावे. ज्याचे सारे आयुष्य स्लॅब आणि कॉलममध्ये गेले त्याला कडीपाटाचे, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचे, छत पाहताक्षणी धोकादायकच वाटते, आणि एकदा अहवालात अतिधोकादायक असा शेरा पडला की वाडा रिकामा करण्याची नोटीस येते व पुढचे निर्णय आपल्या हातात राहत नाहीत. शेरा खरा असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. पावसाळ्यात जुन्या नाशकात वाड्याची भिंत कोसळल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

अभियंत्याबरोबर अनुभवी सुतारही त्याच दिवशी बोलवावा. आमच्याकडे आलेल्या सुताराने माजघराची तुळई हातोडीच्या दांड्याने एका टोकापासून वाजवत नेली. मधल्या भागात लाकूड टणटण बोलत होते. भिंतीपासून वीतभर अंतरावर आवाज एकदम भद झाला. तिथे त्याने बारीक टोचा घातला तर तो चार बोटे आत गेला आणि बाहेर येताना शिळ्या भाकरीच्या चुऱ्यासारखा ओला भुसा घेऊन आला. बाहेरून ती तुळई तेलपाणी केल्यासारखी चकचकीत होती. तुळई कुजते ती भिंतीत गेलेल्या टोकाशी, कारण तिथे वारा लागत नाही आणि भिंतीतली ओल थेट लाकडात उतरते. ज्या तपासणीत तुळयांची टोके पाहिलेली नाहीत त्या तपासणीचे पैसे वाया गेले असे समजावे.

खर्चाची वाटणी

कारागिरांशी बोलण्याआधी हिस्सेदारांचा लेखी करार व्हावा. पाया, भिंती, खांब, तुळया, छप्पर आणि गटारे यांचा खर्च हिश्श्याच्या प्रमाणात. ज्याच्या त्याच्या ताब्यातील खोल्यांमधील फरशी, ओटा, रंग हा ज्याचा त्याचा. आणि जिना, चौक, दिंडी दरवाजा यांचा खर्च घरटी सारखा, कारण त्यांचा वापर हिश्श्यावर ठरत नाही. आमच्याकडे थोरल्या काकांचे म्हणणे होते की छपराचा खर्च वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी करावा. नकाशावर निळी रेघ पन्हळीपासून भिंतीतून खाली त्यांच्याच माजघराच्या तुळईपर्यंत आलेली दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सही केली.

पैसा दोघांच्या सहीने चालणाऱ्या संयुक्त खात्यातूनच द्यावा. सुतारकाम रोजंदारीवर आणि गवंडीकाम अंगावर, म्हणजे ठरावीक रकमेत, द्यावे, असे माझे मत आहे: कुजलेले लाकूड उघडल्याशिवाय किती निघेल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि अंगावर घेतलेल्या कामात सुतार घाईने फळी मारून ते झाकतो. अंगावरच्या कामाची 10 टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवण्याची अट करारातच लिहावी.

भाडेकरूंना पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्यावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि लेखी नोटीस देऊनही 15 दिवसांत मालकाने लक्ष दिले नाही तर भाडेकरू दुरुस्ती करून तिचा खर्च ठरावीक मर्यादेत भाड्यातून वळता करू शकतो. काम चालू असताना त्यांना जागा सोडावी लागणार असेल तर तीच जागा, तेवढ्याच क्षेत्रफळाची, परत मिळेल असे लिहून द्यावे. हा कागद नसेल तर कोणताही शहाणा भाडेकरू कुलूप लावून बाहेर पडणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

परवानगीबद्दल थोडक्यात: गिलावा, रंग, फरशी, त्याच उंचीवर कौले बदलणे अशा कामांना सहसा महापालिकेची परवानगी लागत नाही, भिंत हलवणे, मजला वाढवणे, आधाराची रचना बदलणे यांना लागते. नदीकाठच्या मिळकतीने आपली जागा निळ्या किंवा लाल पूररेषेच्या आत येते का, हे आधी पाहून घ्यावे. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरली जाते.

पाणी प्रथम

येथेच आमची चूक झाली. पहिल्या वर्षी दिवाळीपूर्वी घर चांगले दिसावे म्हणून आम्ही ओसरीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला. ज्या ठेकेदाराने तो केला त्याने हमी दिली होती. दुसऱ्या पावसाळ्यात गिलावा हात हात रुंद पापुद्र्यांनी सुटला आणि मागच्या मातीच्या विटा लोण्याने, म्हणजे ओलीबरोबर वर आलेल्या क्षारांनी, पांढऱ्या पडलेल्या दिसल्या. कारण साधे आहे. जुन्या भिंतीत जमिनीतून ओल चढतच असते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर उडून जाते; सिमेंटने तिची वाट बंद केली की ती आणखी वर चढते आणि अखेर तुळईच्या टोकापर्यंत पोहोचते.

म्हणून सर्वांत आधी छप्पर, पन्हळी आणि चौकातले गटार. जुने नाशिक टेकड्यांवर वसलेले असल्याने वरच्या गल्लीचे पाणी खालच्या वाड्याच्या जोत्याशी येऊन साचते. शेजाऱ्याशी बोलून त्या पाण्याला वाट काढून द्यावी. चौकात कोणी कोबा केला असेल तर तो उखडून दगडी फरशी उताराने बसवावी आणि सांधे चुन्यात भरावेत, म्हणजे जमिनीतली ओल चौकातूनच उडेल आणि भिंतीकडे वळणार नाही.

धाब्याच्या छताबद्दल एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. 15 सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या थराचे वजन दर चौरस मीटरला साधारण अडीचशे किलो होते, आणि माती भिजली की ते वाढते. गळती थांबवण्यासाठी दरवर्षी वर मातीचा थर चढवत गेलेल्या छतावर ती जाडी दुप्पट झालेली आढळते. माती उतरवून कडीपाट तपासावा आणि हलका थर द्यावा. मातीवर काँक्रीट ओतण्याचा सल्ला देणारे भेटतील. 10 सेंटिमीटरच्या काँक्रीटचे वजनही तितकेच अडीचशे किलो असते आणि ते सगळे त्याच शंभर वर्षांच्या तुळईवर येते.

चुना आणि लाकूड

चुनकळी, म्हणजे भाजलेला पण न विझवलेला चुना, विझवताना ती थोडी थोडी पाण्यात सोडावी, चुनकळीवर पाणी ओतू नये. पाणी उकळून उडते आणि डोळ्यांना इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. विझलेला चुना पाण्याखाली किमान काही आठवडे मुरू द्यावा. आम्ही गिलाव्यासाठी 1 भाग चुना, दीड भाग वाळू आणि दीड भाग सुरखी (विटांची पूड) असे प्रमाण ठेवले, आणि आमच्या गवंड्याने त्यात गुळाचे पाणी घातले. चुना हवेने हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे गिलावा पातळ थरांत करावा, दोन थरांमध्ये दिवस जाऊ द्यावेत आणि वर ओले गोणपाट धरावे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की नाशकातही रात्रीचा गिलावा गोणपाटाने झाकून ठेवावा, कारण कडाक्याच्या थंडीत ताजा चुना भुसभुशीत होतो.

कुजलेल्या तुळईसाठी सबंध तुळई बदलण्याची गरज क्वचितच पडते. आधी दोन्ही मजल्यांवर टेकू द्यावेत. खालचा टेकू फरशीवर न ठेवता रुंद फळीवर ठेवावा. मग कुजलेले टोक चांगले लाकूड लागेपर्यंत तिरका छेद घेऊन कापावे, तेवढाच नवा सागवानी तुकडा जोडावा आणि दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या लावून बोल्टांनी आवळावे. हे काम नकाशावर अभियंत्याची सही घेऊनच करावे. नवे टोक भिंतीत बसवताना त्याभोवती बोटभर पोकळी ठेवावी. गवंडी ती सिमेंटने भरून टाकतो, म्हणून त्या दिवशी घरातील कोणीतरी तिथे उभे असावे. लाकूड जुन्या सागवानाच्या वखारीतून घेतले तर ते चांगले वाळलेले मिळते, मात्र त्यातले खिळे काढलेले आहेत का ते पाहावे. खांब खचलेला असेल तर तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, सरकला आहे का, हे आधी तपासावे. आमचे दोन खांब खचले त्यात लाकडाचा काहीच दोष नव्हता.

कामाआधी सुतार आणि गवंडी यांना घेऊन सराफ बाजारातील सरकारवाडा एकदा पाहून यावा. पेशवेकालीन दगडी जोते आणि सागवानी काम कसे बसवले आहे हे समोर पाहिल्यावर बोलणे सोपे होते.

नव्या सोयी

स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय ही ओली कामे जुन्या लाकडी सांगाड्यावर टाकू नयेत. मागच्या चौकात स्वतंत्र पोलादी सांगाड्यावर एकावर एक अशी उभी रांग करावी, जुन्या भिंतीपासून थोडी फट ठेवावी आणि तिथे फक्त हलक्या पुलाने जोडावे. नळ गळला तरी तो नव्या भागात गळेल. नवे ते नवे दिसावे, जुन्याची नक्कल करणारे नक्षीदार फायबर लावू नये, असे आमच्या वास्तुविशारद बाईंनी सुचवले तेव्हा घरात नाराजी होती. आज ती बाजू सर्वांत कमी देखभालीची आहे. विजेच्या तारा लाकडाला खाच पाडून आत घालू नयेत, बाहेरून नळीतून न्याव्यात, प्रत्येक हिश्श्याला स्वतंत्र मीटर आणि वीज गळताच आपोआप तुटणारा स्विच असावा. चौकावर पारदर्शक छप्पर हवे असेल तर ते भिंतींपेक्षा हातभर उंच घ्यावे, नाहीतर एप्रिलमध्ये चौकाची भट्टी होते.

गोदाकाठच्या घरांनी सप्टेंबर 2008, ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 चे पूर आठवून तळमजल्यावर पाणी कुठवर आले होते त्याची रेघ भिंतीवर ओढावी. त्या रेघेखाली प्लायवूड आणि विजेची बटणे नकोत. गिलावा चुन्याचाच असावा, म्हणजे गाळ धुतल्यावर भिंत वाळते.

हंगाम

दिवाळी ते अक्षय तृतीया एवढाच खरा हंगाम आहे. छप्पर उघडायचे ते फेब्रुवारीत, आणि मे अखेरीस ते बंद झालेच पाहिजे. 2027 च्या सिंहस्थाची कामे शहरात सुरू असेपर्यंत चांगले गवंडी आणि सुतार लवकर ठरवावेत, आणि पंचवटीतल्या वाड्यांनी साहित्य गल्लीत आणण्याचे दिवस आधीच हेरून ठेवावेत.

काम संपल्यावर प्रत्येक जुन्या भेगेवर काचेची छोटी पट्टी चुन्याने चिकटवून तिच्यावर तारीख लिहावी. भिंत अजून सरकत असेल तर काच तडकते. आम्ही अशा अकरा पट्ट्या लावल्या होत्या. श्रावणात मागच्या भिंतीवरची एक तडकलेली दिसली, गटाराचा एक सांधा उघडा राहिला होता. तो भरून घेतला, त्याचा खर्च राखून ठेवलेल्या रकमेतून वळता केला आणि उरलेली रक्कम दसऱ्याला गवंड्याच्या हाती दिली.