गोव्यात पणजोबांचा माग कसा काढायचा

"आम्ही मूळचे कुशस्थळीचे, देव मंगेशीला नेला तेव्हा घर सोडलं" असं घरोघरी सांगतात (कुशस्थळी म्हणजे आताचं कुठ्ठाळी, पोर्तुगीजांच्या धाकाने तिथला देव मंगेशीला हलवला), आणि मग लोक एकदम सोळाव्या शतकात उडी मारतात नी तिथेच अडकतात. तसं करू नका, आजोबांपासून सुरू करा आणि एकेक पिढी मागे जा.

पहिलं काम म्हणजे आजोबांचा जन्मदाखला काढणं, पण आताचा एका पानाचा नको, 'तेओर' मागा, म्हणजे जुन्या पोर्तुगीज नोंदीची पूर्ण नक्कल. ज्या तालुक्यात जन्म झाला तिथल्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे अर्ज करायचा. साधारण 1914 पासूनच्या नोंदी मिळू शकतात, हिंदू-ख्रिश्चन सगळ्यांच्या. त्यात आईबापासोबत दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावं असतात, म्हणजे एका कागदात तीन पिढ्या! तारीख आकड्यात शोधत बसू नका, ती बहुतेक अक्षरात लिहिलेली असते. आणि समास नक्की बघा, लग्न, मृत्यू वगैरे नंतरच्या नोंदी तिथे बारीक अक्षरात चढवलेल्या असू शकतात, घाईत नक्कल काढणारा नेमकं तेच सोडतो.

नावं शोधताना पोर्तुगीज कारकुनाच्या कानाने ऐका, कामत तिथे 'कामोतीम', प्रभू 'पोरोबो', शेणवी 'सिनाय' झालेले असतात. आडनाव तर पिढीगणिक बदललेलं सापडेल, म्हणून गाव आणि बापाचं नाव जुळतंय का ते आधी बघा.

1914 च्या मागे जायचं तर वाटा फुटतात. ख्रिश्चन घराण्यांना चर्चची बाप्तिस्म्याची नी लग्नाची पुस्तकं आहेत. हिंदूंना तेवढं सोपं नाही, पण कुलदेवाच्या देवळात महाजनांची, म्हणजे देवळाच्या हक्कदार घराण्यांची, यादी असते, आणि घराणं गावकार, म्हणजे गावच्या मूळ हक्कदारांपैकी, असेल तर कोमुनिदादच्या, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेच्या, वह्यांत झोण (उत्पन्नातला वाटा) कोणाला मिळाली ते लिहिलेलं असतं.

माझ्या मते खरा खजिना मात्र इन्व्हेंटरी. पोर्तुगीज कायद्यात मुलांना मालमत्तेत हक्काचा वाटा, मुलींनासुद्धा, त्यामुळे माणूस गेला की वाटणीसाठी कोर्टात वारसांची यादी व्हायची. लग्न होऊन गेलेल्या आत्या, त्यांचे नवरे, सगळे त्यात. घरच्या वंशावळीत बायका नसतातच, इथे सापडतात. जिथे जमिनीवरून भांडण झालं तिथे कागद भरपूर, हे लक्षात ठेवा!

पणजीचं पुराभिलेख खातं 1595 पासूनचं, तिथे जाताना नाव, गाव, अंदाजे साल एका कागदावर लिहून न्या, नुसतं "आमच्या घराण्याचं काही आहे का" विचारलंत तर तिथला माणूस तरी काय करणार. देवळाचे जुने कागद मोडी लिपीतले निघाले तर वाचणारा आधी बघून ठेवा. आणि घरचं कोणी गोकर्ण नाहीतर त्र्यंबकेश्वरला क्रियाकर्माला गेलेलं असेल तर तिथल्या उपाध्यांची वहीही विचारा, गोत्र नी गाव सांगितलं की ते पान उघडतात.