व्हेनिसला जहाजावरून थेट हॉटेलच्या दारात बोटीने उतरायचंय? या चुका टाळा

बोट हॉटेलच्या पाण्याकडच्या दाराला लागली. बोटवाल्याने दोर कडीत अडकवला आणि आईकडे हात पुढे केला. ओहोटी होती. दाराचा उंबरा बोटीच्या काठापेक्षा बराच वर, मध्ये चार दगडी पायऱ्या, त्यातल्या खालच्या तीन शेवाळाने हिरव्यागार. आईचा गुडघा आधीच दुखरा. तिने पहिल्या पायरीवर पाऊल टेकवलं, ते सरकलं, आणि ती परत बोटीत बसली. "मी नाही चढणार इथून," एवढंच म्हणाली. शेवटी बोटवाल्याने आम्हाला दोन पूल पलीकडच्या रुंद धक्क्यावर सोडलं. तिथून बॅगा उचलत, पुलांच्या पायऱ्या चढत-उतरत हॉटेल गाठलं. जे टाळायला एवढे पैसे मोजले, नेमकं तेच करावं लागलं.

बोट उत्तम होती, बोटवाला सज्जन होता. मी दाराविषयी काही विचारलंच नव्हतं. व्हेनिसमध्ये जहाज ते हॉटेल या प्रवासातली पाण्यावरची वेळ सहसा सुखातच जाते. घोटाळे होतात ते दोन टोकांना, जहाज सोडताना आणि हॉटेलला लागताना. बुकिंगच्या फॉर्मवर या दोन टोकांसाठी एकेक रकाना असतो आणि तो आपण दोन शब्दांत भरून मोकळे होतो.

"व्हेनिस पोर्ट" एवढंच लिहिणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. क्रूझच्या तिकिटावर "व्हेनिस" छापलेलं असतं, पण जहाज व्हेनिस शहराला लागेलच असं नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून आणि ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. २५,००० टनांवरचं किंवा १८० मीटरपेक्षा लांब जहाज या वाटेने आत येऊ शकत नाही, आणि आजकालची बहुतेक क्रूझ जहाजं त्याहून कितीतरी मोठी असतात. ती मग मुख्य भूमीवरच्या मार्गेरा किंवा फुसीना इथल्या धक्क्यांना लागतात. काही लगूनच्या, म्हणजे व्हेनिसभोवतीच्या उथळ खाऱ्या पाण्याच्या, दक्षिण टोकाला, किओज्जाला थांबतात. काही कंपन्यांची "व्हेनिस" क्रूझ तर प्रत्यक्षात रावेन्ना किंवा त्रिएस्तेला संपते, आणि ही दोन्ही बंदरं व्हेनिसपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहेत. तिथून बोटीचा विषयच संपतो. आधी बस किंवा ट्रेनने व्हेनिस गाठायचं आणि बोट पियाझ्झाले रोमा (गाड्यांचा रस्ता जिथे संपतो तो चौक) किंवा रेल्वे स्टेशनसमोरून घ्यायची.

लहान जहाजं आणि नदीवरच्या क्रूझ मात्र अजूनही शहराला चिकटून लागतात. मारित्तिमा, सान बाझिलियो, कधी कास्तेल्लो भागाच्या बाजूला रिवा देई सेत्ते मार्तिरी. हे धक्के एकमेकांपासून बरेच लांब आहेत. बोटवाला सान बाझिलियोला उभा आणि तुम्ही मारित्तिमाला, असं झालं तर चूक कुणाची यावर वाद घालण्यातच सकाळ जाते.

आणखी एक गुंता आहे. जहाज मार्गेराला किंवा फुसीनाला लागलं तरी काही कंपन्या उतारूंना आणि सामानाला बसने मारित्तिमाच्या टर्मिनलवर आणतात. काही पियाझ्झाले रोमाला किंवा त्रोन्केत्तो या पार्किंगच्या बेटावर सोडतात. म्हणून क्रूझ कंपनीला एकच प्रश्न विचारून चालत नाही, दोन विचारावे लागतात. जहाज कुठे लागणार? आणि माझ्या बॅगा माझ्या हातात कुठे येणार? बोट बोलवायची ती दुसऱ्या उत्तराच्या जागी. क्रूझच्या आदल्या आठवड्यात हेच प्रश्न पुन्हा विचारा, कारण धक्का बदलू शकतो.

बोट जहाजालाच येऊन लागेल अशी समजूत

फोटोंमुळे हा समज होतो. पांढरं अजस्र जहाज, शेजारी चकचकीत लाकडी मोटरबोट. पण २००४ पासून आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या जहाजांना आणि बंदरांना सुरक्षेचे कडक नियम लागू आहेत. कुणाचीही खासगी बोट जहाजाच्या अंगाला जाऊन माणसं उतरवून घेऊ शकत नाही. तुम्ही जहाजाच्या शिडीवरून टर्मिनलमध्ये येता, सामान घेता, लागली तर तपासणी होते, बाहेर पडता आणि मग बोटीच्या धक्क्यापर्यंत चालत जाता. हे चालणं किती आहे आणि बॅगा कोण ओढणार, हे आधी विचारा. "मीट अँड ग्रीट" लिहिलेल्या बुकिंगमध्ये माणूस नावाची पाटी घेऊन टर्मिनलच्या दारात येतो. साध्या बुकिंगमध्ये बोटवाला बोटीपाशीच थांबतो, कारण बोट सोडून त्याला फारसं लांब जाता येत नाही. वयस्कर माणसं बरोबर असतील तर वरचे पैसे देऊन दारात माणूस मागवणं मला रास्त वाटतं.

जहाजाची वेळ हीच बोटीची वेळ धरणं

जहाज सात वाजता लागतं म्हणून बोट साडेसातची सांगितली, तर बोटवाला साडेसातला येऊन उभा राहतो आणि त्याच्या थांबण्याचे पैसे चालू होतात. तुम्ही तेव्हा अजून नाश्ता करत असता.

जहाज रिकामं करण्याची एक रीत असते. आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या, त्यांना रंगीत पट्ट्या बांधलेल्या असतात. सकाळी रंगाप्रमाणे गट पुकारतात आणि बॅगा टर्मिनलच्या हॉलमध्ये त्याच रंगाच्या रांगेत सापडतात. तुमचा गट नऊचा असेल तर नऊच्या आधी बॅग हाती येत नाही. स्वतःचं सामान स्वतः उचलून उतरणाऱ्यांना लवकर सोडतात, पण मग शिडीवरून सगळं तुम्हीच वाहायचं. म्हणून बोटीची वेळ गटाच्या वेळेवरून ठरवा आणि तीत अर्धा-पाऊण तास सैल ठेवा. गट बदलून मागता येतो. जहाजावरच्या चौकशीच्या खिडकीवर दोन दिवस आधी सांगितलं की बहुधा काम होतं.

वाटेत जहाज मोंटेनेग्रो किंवा तुर्कस्तानसारख्या शेंगेनबाहेरच्या (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटाबाहेरच्या) देशांना लागलं असेल, तर पासपोर्ट तपासणीची रांग धरून चाला. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे जुने प्रवासवर्णन वाचून तिथल्या दुब्रोव्हनिक बंदराचा हिशोब करू नका. आणि दौरा संपण्याआधीच व्हेनिसला उतरून जायचं असेल, तर क्रूझ कंपनीची परवानगी खूप आधी घ्यावी लागते. ऐनवेळी शिडीपाशी सांगून भागत नाही.

हॉटेलचं नाव दिलं, पत्ता नाही

व्हेनिसचे पत्ते वेगळेच असतात. शहराचे सहा भाग आहेत: सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेज्यो, दोर्सोदुरो, सान पोलो आणि सांता क्रोचे. घरांचे नंबर रस्त्याप्रमाणे नसून भागाप्रमाणे चालतात आणि हजारांत जातात. एकाच नावाच्या गल्ल्या वेगवेगळ्या भागांत सापडतात. हॉटेलांची नावंही एकमेकांसारखी. त्यामुळे भाग, नंबर आणि जवळचा पूल किंवा कालवा, तिन्ही लिहून द्या.

त्याआधी हॉटेल खरंच व्हेनिसच्या बेटांवर आहे ना, हे बघा. हे वाचून काहींना हसू येईल, पण "व्हेनिस मेस्त्रे" नावाने स्वस्तात मिळालेलं हॉटेल मुख्य भूमीवर असतं. तिथे टॅक्सीच लागते, बोट नाही. ज्युदेक्का बेटावरच्या काही मोठ्या हॉटेलांची स्वतःची बोट पाहुण्यांसाठी फिरत असते. हॉटेलला एक मेल टाकली तर तुमचा अर्धा खर्च वाचूही शकतो.

पाण्याकडच्या दाराची चौकशी न करणं

आता माझ्या आईच्या पायऱ्यांकडे येतो. हॉटेलला पाण्याकडून दार आहे का, हा पहिला प्रश्न. ते दार पाहुण्यांना वापरता येतं का, हा दुसरा. आणि ओहोटीला तिथे उतरता येतं का, हा तिसरा. हाच बहुतेकजण विचारत नाहीत. लगूनच्या पाण्याची पातळी दिवसात दोनदा वर-खाली होते, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास फरक एक मीटरच्या घरात जातो. पायऱ्यांचा जो भाग बराच वेळ पाण्याखाली असतो, त्यावर शेवाळ धरतंच. हिवाळ्याच्या शेवटी पाणी आणखी खाली जातं. फेब्रुवारी २०२३ मध्ये लहान कालव्यांत बोटी चिखलात टेकलेल्या साऱ्या जगाने बघितल्या.

भरतीची तऱ्हा उलटी. पाणी चढलं की लहान कालव्यांवरच्या पुलांखालून बोटीचं छप्पर जात नाही. मग बोटवाला लांबच्या वाटेने नेतो किंवा अलीकडेच थांबतो. तो तुम्हाला फसवत नसतो. ११० सेंटिमीटरच्या वर भरतीचा अंदाज असला की लगूनच्या समुद्राकडच्या तोंडांशी बसवलेले मोझे या पूररोधक यंत्रणेचे दरवाजे उचलतात. ऑक्टोबर २०२० पासून ते वापरात आहेत. त्यामुळे शहर वाचतं, पण त्या वेळात जहाजांची ये-जा अडते आणि तुमचं जहाजच उशिरा लागू शकतं. व्हेनिस नगरपालिकेचं भरती-ओहोटीचं केंद्र रोजचा अंदाज जाहीर करतं. प्रवासाच्या तीन-चार दिवस आधीपासून तो बघत जा, विशेषतः ऑक्टोबर ते जानेवारीत.

दार गैरसोयीचं असेल तर हॉटेललाच विचारा: पूल न चढता येता येईल असा सर्वात जवळचा धक्का कोणता? त्याचं नाव बोटवाल्याला द्या. शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि जवळपास सगळ्यांना पायऱ्या आहेत. नकाशावर दीडशे मीटर दिसणारं अंतर मधल्या दोन पुलांमुळे चांगलंच दमवतं.

बोटीत चढण्या-उतरण्याचंही सांगतो. या मोटरबोटींच्या केबिनमध्ये जायला खाली दोन-तीन पायऱ्या असतात आणि दार बुटकं असतं. गुडघ्याचा किंवा कमरेचा त्रास असेल तर बोटीच्या काठावर पाय न देता आतल्या सपाट भागावर द्यावा, बोटवाल्याचा दंड धरावा आणि हातात पिशवीसुद्धा ठेवू नये. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी ही बोट सहसा सोयीची नाही. त्यापेक्षा व्हापोरेत्तो, म्हणजे सार्वजनिक जलबस, बरी. तिच्या तरंगत्या धक्क्यावरून जवळजवळ सपाटीने आत जाता येतं. ऐकायला साधी वाटते, पण कितीतरी घरांसाठी खरी सोय तीच आहे.

बॅगा न मोजता, दर न वाचता पैसे भरणं

दर माणशी आहे की बोटीचा, हे बघा. "शेअर्ड" म्हणजे इतर उतारूंची वाट बघायची, आणि बऱ्याचदा हॉटेलऐवजी ठरलेल्या थांब्यावर उतरायचं. "प्रायव्हेट" म्हणजे अख्खी बोट तुमची. त्यातही ठराविक माणसांच्या वर, जास्त बॅगांना आणि रात्रीच्या वेळेला वेगळे पैसे पडतात. चौघं असाल तर खासगी बोटीचा हिशोब जमतो, दोघांना ती चैनच आहे. ती करावीशी वाटली तर जरूर करा, ग्रँड कॅनाल या शहरातल्या मुख्य कालव्यातून हॉटेल गाठण्याचं सुख निराळंच आहे. आठ जण आणि दहा मोठ्या बॅगा मात्र एका बोटीत बसवायचा हट्ट नको, दुसरी बोट सांगा.

त्रोन्केत्तो आणि पियाझ्झाले रोमाला "बोट पाहिजे का" म्हणत अंगावर येणाऱ्या मध्यस्थांच्या मागे जाऊ नका. नगरपालिकेचा परवाना असलेल्या टॅक्सीबोटीवर पिवळ्या पट्टीत नंबर असतो. आधी तो बघा आणि दर बोटीत बसण्यापूर्वी ठरवा.

तारीख न बघणं

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी रेगाता स्तोरिका ही नावांची पारंपरिक शर्यत असते, तेव्हा ग्रँड कॅनाल वाहतुकीला बंद होतो. जुलैच्या तिसऱ्या रविवारी रेदेन्तोरेचा सण, आदल्या रात्री आतषबाजी आणि पाण्यावर बोटींची दाटी. २०२४ पासून काही ठराविक दिवशी शहरात येणाऱ्यांना प्रवेशशुल्कही आहे. रात्री मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, पण माफीचा कोड आधी काढून फोनमध्ये ठेवावा लागतो.

धक्क्यावर आलात आणि बोटच नाही

आधी फोन बघा. जहाजावर असताना तो विमान मोडवर असतो किंवा जहाजाच्या महागड्या नेटवर्कला चिकटलेला असतो. जमिनीवर आल्यावर इटलीचं नेटवर्क पकडेपर्यंत बोटवाल्याचे मेसेज पोचतच नाहीत. मग तुम्ही उभे आहात त्या जागेचा, मागची पाटी दिसेल असा फोटो त्याला पाठवा. "टर्मिनलच्या बाहेर" यापेक्षा तो फोटो शंभरपट कामाचा. बोलताना भाषेची अडचण आली तर टर्मिनलमधल्या कर्मचाऱ्याच्या हातात फोन द्या.

वीस मिनिटांत उत्तर आलं नाही तर कंपनीला लेखी कळवा, वेळेसह फोटो ठेवा आणि टॅक्सीबोटीच्या अधिकृत थांब्यावर जा. त्या बोटीची पावती मागून घ्या, नंतर पैसे परत मागताना तीच लागते. मारित्तिमाहून पीपल मूव्हर ही छोटी रेल्वे काही मिनिटांत पियाझ्झाले रोमाला पोचवते. तिथे टॅक्सीबोटी, व्हापोरेत्तो आणि परवानाधारक हमाल, तिन्ही मिळतात.

परतीला आम्ही त्याच रुंद धक्क्यावर बोट बोलावली. हॉटेलच्या माणसाने बॅगा आधीच पुढे नेल्या होत्या. पाणी चढतं होतं, बोटीचा काठ धक्क्याच्या जवळपास बरोबरीला आला होता. आईने बोटवाल्याचा दंड धरला आणि एका पावलात आत गेली.