शिल्लक रजेचे पैसे किती मिळतील? हिशेब असा मांडा

नोकरी सोडताना फुल अँड फायनलच्या (शेवटच्या हिशेबाच्या) कागदावर ‘लीव्ह एन्कॅशमेंट’समोर, म्हणजे शिल्लक रजेच्या पैशांसमोर, एकच आकडा छापून येतो. तो कसा आला हे तिथे लिहिलेलं नसतं, म्हणून सही करण्याआधी आपला आकडा तयार ठेवा. त्यासाठी शेवटची सॅलरी स्लिप, रजेचा खातेउतारा आणि कंपनीचं रजा धोरण एवढं पुरतं. राजीनाम्यानंतर पोर्टलचं लॉगिन बंद होतं, तेव्हा तिन्ही आधीच उतरवून घ्या.

आधी दिवस पक्के करा. पैसे साधारणपणे ईएल किंवा पीएल, म्हणजे अर्जित रजेचेच मिळतात. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानं-आस्थापनांना लागू असणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार वर्षाच्या ८ किरकोळ रजा वर्षअखेर बाद होतात आणि अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. वेळेत मागूनही रजा नाकारली असेल, तर ४५ च्या वरच्या दिवसांचे पैसे मागायचा हक्क आहे. नकाराचा मेल त्यासाठी जपून ठेवा. चालू वर्षाची शेवटच्या दिवसापर्यंतची रजा जमा झाली का, हेही बघा. चूक बहुतेक तिथेच सापडते.

मग एका दिवसाचा दर काढा. खरा फरक इथे पडतो. बहुतेक ठिकाणी मूळ पगार अधिक महागाई भत्ता धरतात. घरभाडं आणि इतर भत्ते त्यात येत नाहीत. महिन्याच्या सीटीसीला (कंपनीला तुमच्यावर पडणाऱ्या एकूण खर्चाला) ३० ने भागून काढलेला अंदाज म्हणूनच फुगतो. महिन्याच्या पगाराला कितीने भागायचं, म्हणजे भाजक २६ आहे की ३०, हे धोरणात शोधा, नाही सापडलं तर एचआरकडून लेखी घ्या. मूळ पगार ३६,४०० आणि शिल्लक ३८ दिवस असतील तर:

३६,४०० ÷ २६ × ३८ = ५३,२०० रुपये
३६,४०० ÷ ३० × ३८ = ४६,१०७ रुपये

नुसत्या भाजकाने सात हजारांचा फरक! या रकमेतून पीएफ कापला जाऊ नये. रजेचे पैसे पीएफसाठीच्या मूळ वेतनात मोडत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे. नोटीस पिरियडचे दिवस रजेतून वळते केले असतील, तर तेवढे दिवस वरच्या ३८ मधून आधीच वजा करा.

सरकारी कर्मचाऱ्यांचं सोपं आहे: मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले ३०, गुणिले शिल्लक दिवस, जास्तीत जास्त ३००. निवृत्तीच्या वेळी ही रक्कम पूर्ण करमुक्त असते.

खासगी नोकरीत, नोकरी चालू असताना घेतलेल्या पैशांवर पूर्ण कर लागतो. निवृत्ती किंवा राजीनाम्याच्या वेळी चार आकड्यांतला सर्वांत लहान करमुक्त: मिळालेली रक्कम, सरासरी मासिक पगाराच्या दहापट, शिल्लक रजेची किंमत (नोकरीच्या प्रत्येक वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवसांच्या हिशेबाने) आणि २५ लाख रुपये. सरासरी शेवटच्या दहा महिन्यांची असते, त्यामुळे नुकतीच पगारवाढ झाली असेल तर ती चालू पगारापेक्षा कमी भरते. २५ लाखांची मर्यादा आयुष्यभराची आहे. आधीच्या कंपनीत सूट घेतली असेल तर ती त्यातून वजा होते, म्हणून जुन्या फुल अँड फायनलचा कागद फाइलमधून काढून शेजारी ठेवा.