पत्र्याच्या बॉनेटऐवजी फायबरचं

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये बसचे फ्रंट शो, म्हणजे पुढचे दर्शनी भाग, बनतात. कॉलेजच्या रेसिंग टीमची पोरं मात्र येताच कार्बन फायबरचं नाव काढतात. मी त्यांचा हात आधी काचेच्या तंतूंच्या मॅटवर बसवतो. बॉनेट, डिकीचं झाकण, मडगार्ड एवढंच करा. सस्पेन्शनचे आर्म आणि बंपरमागचा बीम यांच्या वाटेला जाऊ नका.

आधी जाडी ठरवा. रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकमध्ये) भिजवून हातानं घातलेल्या मॅटपेक्षा, म्हणजे आपल्या फायबरपेक्षा, पोलाद साधारण पंचवीसपट ताठ. पण ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो, म्हणून तिप्पट जाडीत काम भागतं. 0.8 मिमी पत्र्याला 2.4 मिमी फायबर. चौरस मीटरला पत्रा 6.3 किलो, फायबर 3.6. कमाई एवढीच, ‘निम्म्याहून हलकं’ म्हणणाऱ्याला वजनकाट्यापाशी न्या.

पॅटर्न म्हणून जुनंच बॉनेट घ्या. पोचे पुटीनं भरा, घासा, वॅक्सचे पाच-सहा हात द्या, वर पीव्हीए, म्हणजे भाग चिकटू न देणारा पातळ थर. त्यावर साचा घाला, भागाच्या दुप्पट जाड. सुटा करण्याआधीच मागून पाइपचा सांगाडा चिकटवा, नाहीतर साचा पीळ खातो.

साच्याला पुन्हा वॅक्स-पीव्हीए, मग अर्धा मिमी जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत रेझिनचा थर. बोटाला चिकट लागला पण बोटावर आला नाही, की मॅट घाला: चौरस मीटरला 300, 450, परत 300 ग्रॅमची. पहिली पातळ, कारण कोपऱ्यातली हवा तिथेच अडकते. रोलर तिथे जास्त फिरवा. मॅटच्या वजनाच्या सव्वादोन-अडीचपट रेझिन पुरे. पावसाळ्यात मॅट ओल धरते, पिशवी आयत्या वेळी उघडा.

कोबाल्ट (हार्डनरचं काम वेगानं करवणारं द्रव) आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, रेझिन घट्ट करणारा हार्डनर त्यानंतर, रेझिनच्या एक ते दोन टक्के. ही दोन थेट एकत्र आली तर भडका उडतो. गॉगल घालाच, हार्डनरचा थेंब डोळा घालवतो.

बिजागरी आणि लॉकच्या जागी थरांमध्ये पोलादी पट्टी दाबा, बोल्टला रुंद वॉशर. मागून फोमच्या पट्ट्यांवर मॅट घालून रिब्ज, म्हणजे ताठपणा देणाऱ्या उंच पट्ट्या, करा. पुढे कार्बन वापरलात तर ॲल्युमिनियमला थेट टेकवू नका, मध्ये काचेचा एक थर ठेवा. ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

पत्र्याचं बॉनेट धडकेत मधोमध दुमडावं असं बनवलेलं असतं, हे तसं दुमडत नाही. म्हणून ट्रॅकच्या गाडीलाच लावा, आणि कारखान्याच्या लॉकशिवाय दोन बॉनेट पिनाही ठोका.