जांभ्या मातीला काळ्या दगडाची भुकटी: मिरगाआधीची तयारी

कोकणात पावसाळी परसबाग करणाऱ्यांनी मिरगाआधी मातीत काळ्या दगडाची भुकटी मिसळायचं काम उरकून घ्यावं. आपल्याकडे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या पाण्याबरोबर मातीतला कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि विरघळणारी सिलिका निघून जाते. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं, म्हणून जांभी माती तांबडी आणि आम्लधर्मी. हा जांभा बहुतेक ठिकाणी काळ्या पाषाणाचीच, म्हणजे बेसाल्टची, झीज होऊन बनलेला आहे. जे वाहून गेलं ते न झिजलेल्या पाषाणात अजून शाबूत आहे आणि खडी क्रशरवर तो रोज फुटतो.

क्रशरवर ‘डस्ट’, म्हणजे खडी फोडताना पडणारी बारीक भुकटी, मागा. ती ब्रासच्या हिशेबाने विकतात, पण परसबागेला दोन-तीन गोण्या पुरतात. चिमूटभर बोटांत चोळून पाहा. वाळूसारखी खरखर लागली तर ती जाड आहे, झिजायला फार वर्षं घेईल. पिठाच्या चाळणीतून खाली पडेल तेवढीच मातीला द्या, वरची कचखडी पायवाटेवर टाका. चाळताना थोडं पाणी शिंपडा आणि नाकातोंडाला मास्क लावा; ही धूळ फुफ्फुसाला वाईट. चिरेखाणीतला तांबडा भुसा घेऊ नका, तो आधीच झिजून गेलेला जांभा आहे. फरशी पॉलिशचा गाळही नको.

एका गुंठ्याला ५० किलो, म्हणजे चौरस मीटरला अर्धा किलो, एवढ्यापासून सुरुवात करा. पहिल्या वर्षी मी ती कोरडीच वाफ्यावर फेकली होती. पहिल्या जोरदार सरीत वर चिकट पापुद्रा धरला आणि बाकीची व्हाळात, म्हणजे ओढ्यात, गेली. तेव्हापासून मे महिन्यात शेणखतात मिसळतो, ढीग ओला करून पंधरा दिवस झाकतो आणि वाफे करताना वरच्या चार-सहा इंचांत कालवतो. दगड विरघळवतात ती ओल, मुळांतून आणि कुजणाऱ्या खतातून सुटणारी आम्लं. गांडूळही माती गिळताना बारीक कण आतल्या आत भरडतं. शेणखत नसेल तर नुसती भुकटी घालण्यात अर्थ नाही.

हे खत नव्हे, हे नीट लक्षात घ्या. त्यात नत्र नाही, स्फुरद आणि पालाश नावापुरतं. भेंडीची खालची पानं पिवळी पडली तर या भुकटीने हिरवी होणार नाहीत. माती फारच आम्लधर्मी निघाली तर चुना लवकर काम करतो. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून मगच ठरवा. भुकटीचा गुण यायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात. त्यामुळे दरवर्षी सगळी बाग बदलण्यापेक्षा पडवळ-दोडक्याचे दोन वाफे भुकटी घालून आणि दोन तसेच ठेवून पाहा.

घाटावरच्या मंडळींनी मात्र हा खर्च करू नये. तिथली काळी माती याच पाषाणाची आहे आणि तिच्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम बहुधा भरपूर असतं. खात्री करायची तर कोरड्या ढेकळावर लिंबू पिळा. बुडबुडे फसफसले तर चुनखडी आहे. अशा जमिनीला शेणखत आणि पालापाचोळा द्या, दगडाची भुकटी नको.